डिझेलातलं गंधक चुंबकाने काढता येईल का? (होडीवाले आणि केमिस्ट्रीवाले, दोघांनी वाचा)

भाट्येकर
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. हसलात तरी उत्तर देऊन हसा.

माझा पुतण्या एमएस्सीला आहे, केमिस्ट्री. गौरी-गणपतीला घरी आला तेव्हा खिशातून एक छोटी काचेची बाटली काढली, आत पाण्यासारखं काहीतरी आणि त्यात काळपट तपकिरी पूड. हलवली की सगळं गढूळ. मग बाजूला चुंबक धरला तर अर्ध्या मिनिटात सगळी पूड काचेला त्या बाजूला येऊन चिकटली आणि उरलेलं स्वच्छ!! घरातली पोरं तर वेडी झाली, आरती सोडून तेच बघत बसली. तो म्हणाला ही पूड म्हणजे पॉलिमर आहे, आत लोखंडाचं ऑक्साईड, आणि इंधनातले गंधकाचे रेणू ही निवडून पकडते, बाकी कशाला हात लावत नाही.

आता गंमत अशी की आमच्या थोरल्या दादाची रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होडी आहे (चार आणे भाग माझा). पावसाळी मासेमारीबंदी उठल्यापासून इंजिन काळा धूर ओकतंय, फिल्टर आठवड्याला चोक होतोय आणि दादा म्हणतो डिझेलात गंधक वाढलंय. मी दोन्ही जोडलं. बॅरलमध्ये ही पूड टाकायची, वल्ह्याने ढवळायचं, बाहेरून चुंबक लावायचा, वरचं डिझेल ओतून घ्यायचं. होईल का असं? खर्च किती? पुतण्या नुसता हसतो आणि म्हणतो काका तसं नसतं. कसं असतं ते सांगत नाही.

रिकामटेकडा
चुंबकाने बायकोच्या पर्समधले सुट्टे निघतात का तेवढं पुतण्याला विचारून सांगा.

लोटेकर
@भाट्येकर, प्रश्न चांगला आहे, पण आधी एक गोष्ट. पंपावर मिळणाऱ्या डिझेलात आता काढण्यासारखं गंधक उरलेलंच नाही हो.

भारत स्टेज (बीएस, म्हणजे सरकारी मानक) २००० होतं तेव्हा डिझेलात २५०० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत २५०० भाग, गंधक चालायचं. बीएस-२ ला ५००, बीएस-३ ला ३५०, बीएस-४ ला ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे १० पीपीएम. बीएस-५ आपण गाळलंच. १० पीपीएम म्हणजे एका लिटरमध्ये साधारण ८ मिलिग्रॅम, चिमूटसुद्धा नाही. दादांना म्हणावं गंधक वाढलेलं नाही, तुमचा संशय वाढलाय.

रिफायनरीत हे काम हायड्रोजनने करतात, हायड्रोडीसल्फरायझेशन, आम्ही एचडीएस म्हणतो. कोबाल्ट-मॉलिब्डेनम नाहीतर निकेल-मॉलिब्डेनमचा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक), ३०० ते ४०० डिग्री तापमान, भरपूर प्रेशर. गंधकाचा हायड्रोजन सल्फाईड होतो, तो पुढे क्लॉस प्रोसेसमध्ये जातो आणि शेवटी पिवळंधम्मक गंधक हातात येतं. मी लोटे एमआयडीसीत २२ वर्षं वेगवेगळ्या प्लांटात काढली, हायड्रोजन आणि प्रेशर एकत्र आले की माणूस कसा चालतो ते मला विचारा, चपलेचा आवाजसुद्धा नको वाटतो.

साधे गंधकाचे रेणू (मरकॅप्टन वगैरे) पटकन निघतात. चिवट असतात ते थायोफीनच्या घराण्यातले, त्यातही डायबेंझोथायोफीन, म्हणजे डीबीटी. आणि सगळ्यात वाईट, डीबीटीच्या गंधकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मिथाईल ग्रुप बसलेला असतो तो. गंधक मध्ये आणि दाराशी दोन भाऊ काठ्या घेऊन उभे, कॅटॅलिस्टला आत शिरताच येत नाही. शेवटचे ५० पीपीएम काढायला रिफायनरीला जो घाम फुटतो तो या लोकांमुळे. म्हणून साध्या तापमानाला, हायड्रोजनशिवाय, नेमके हेच रेणू उचलणारी पूड मिळाली तर सगळ्यांना हवीच आहे. तुमचा पुतण्या वेडा नाही.

भाट्येकर
धन्यवाद लोटेकर. पण मग काळा धूर कसला? आणि वास पण येतो.

केमिस्ट्रीवाली
धुराचं इंजिनवाले सांगतील. मी पूड कशी बनते ते सांगते, कारण ते फार गोड आहे आणि गणपती नुकतेच गेलेत म्हणून उदाहरण पण ताजं आहे.

समजा तुम्ही गणपतीची मूर्ती मध्ये ठेवलीत आणि तिच्या भोवती अगदी अंगाला लागून मखर बांधलंत. नेहमीसारखं सैल नाही, सोंडेच्या वळणापर्यंत घट्ट. मग मूर्ती विसर्जनाला नेली. मखरात आता मूर्तीच्या आकाराची पोकळी उरली. तीत तोच गणपती बसेल, किंवा त्याच साच्यातला दुसरा. गौरी बसणार नाही. झालं! याला मॉलेक्युलर इम्प्रिंटिंग म्हणतात, मराठीत रेणू-ठसा म्हणू या.

इथे मूर्ती म्हणजे डीबीटीचा रेणू (टेम्प्लेट). त्याच्या भोवती मेथाक्रिलिक ॲसिडसारखे मोनोमर (पॉलिमरच्या माळेचे सुटे मणी) जमतात, त्यांचे हात गंधकाकडे. मग क्रॉसलिंकर (माळा एकमेकींना बांधणारा) घालून सगळं पक्कं करायचं म्हणजे मखर हलत नाही. मग विसर्जन, म्हणजे मेथॅनॉल आणि ॲसिटिक ॲसिडने सॉक्सलेटमध्ये (तेच द्रावक उकळून, थंड करून परत परत वरून सोडणारं काचेचं उपकरण) धूत बसायचं. हे विसर्जन दीड दिवसाचं असतं आणि कधीकधी पाच दिवसांचं, मी स्वतः रात्री दोनला उठून सॉक्सलेटचं पाणी चालू आहे का बघायला गेलेली आहे, हॉस्टेलच्या वॉचमनला वाटायचं हिचं काहीतरी प्रकरण आहे.

कल्पना जुनी आहे. १९७२ च्या सुमारास जर्मनीत गुंटर वुल्फ यांनी सुरुवात केली, पुढे स्वीडनमध्ये क्लाउस मोसबाख यांनी सोपी पद्धत रूढ केली. चुंबकाची भर नंतरची.

बाबल्या
गे बाय, मखर घट्ट बांधलास तर गणपती भायेर कसो काढतलंस? सोंड मोडात मा!

केमिस्ट्रीवाली
@बाबल्या, हसून हसून पुरेवाट, पण तुम्ही अगदी खऱ्या दुखण्यावर बोट ठेवलंत. सगळे गणपती बाहेर येतच नाहीत. काही आतच अडकून राहतात आणि नंतर, म्हणजे पूड वापरताना, हळूहळू बाहेर झिरपतात. म्हणजे गंधक काढायला टाकलेली पूडच डिझेलात गंधक सोडते. यावर उपाय म्हणून डीबीटीऐवजी त्याच्यासारखाच दिसणारा पण दुसरा रेणू मूर्ती म्हणून वापरतात. तोतया गणपती. तो झिरपला तरी हिशोब बिघडत नाही.

काळीवाळू
चुंबकाचा विषय निघाला म्हणून अवांतर. आम्ही रत्नागिरीजवळच्या काळबादेवीचे. लहानपणी स्पीकरमधला चुंबक काढून दोरीला बांधायचा आणि किनाऱ्यावर ओढत न्यायचा, परत येईपर्यंत त्याला ही एवढी काळी मिशी फुटलेली असायची. आमच्या वाळूत मॅग्नेटाईट (लोखंडाचं चुंबकाला चिकटणारं ऑक्साईड) आणि इल्मेनाईट (लोखंड-टायटॅनियमचं) आहे. इल्मेनाईट चुंबकाला फारशी दाद देत नाही, मिशी असते ती मॅग्नेटाईटची. तर प्रश्न असा, ही पूड करायला तेच मॅग्नेटाईट चालेल का? फुकट आहे, मी पोतंभर पाठवतो. आणि दुसरं म्हणजे ती मिशी आम्हाला कधी पूर्ण काढताच आली नाही, चुंबक काढला तरी कण एकमेकांना चिकटून गोळे व्हायचे. मग डिझेलात गोळे होणार नाहीत का?

केमिस्ट्रीवाली
@काळीवाळू, फार छान प्रश्न. खनिज तेच, मॅग्नेटाईटच, पण किनाऱ्यावरचं चालणार नाही, कण फार मोठा. लॅबमध्ये लोखंडाचे दोन प्रकारचे क्षार एकास दोन प्रमाणात घेऊन अमोनियाने साका पाडतात, दहा-पंधरा नॅनोमीटरचे कण मिळतात. इतके बारीक झाले की त्यांची वागणूक बदलते. चुंबक जवळ आणला की धावत येतात, लांब नेला की चुंबकत्व शून्य, एकमेकांना ओळखसुद्धा दाखवत नाहीत. सुपरपॅरामॅग्नेटिक म्हणतात. म्हणून बाटली परत हलवली की पूड परत पसरते. तुमची मिशी मोठ्या कणांची, चुंबक गेला तरी त्यांच्यात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं, म्हणून गोळे.

या कणांवर आधी सिलिकाचा पातळ थर देतात, नाहीतर धुताना ॲसिडमध्ये लोखंड विरघळायला लागतं. सिलिकावर पॉलिमर. पॉलिमर जाड केला तर पोकळ्या जास्त पण चुंबक ओढणार कमी, पातळ केला तर उलट. माझे दोन महिने या एका भांडणात गेले.

तांडेल_हर्णै
इतकी चर्चा झाली पण इंजिनाचं कोणी विचारलं नाही. भाट्येकर, काळा धूर आणि गंधक यांचा काही संबंध नाही. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही, एकतर हवा कमी पडतेय नाहीतर नोझल शिंपडायच्या ऐवजी गळतायत. निळा असेल तर ऑईल जळतंय. पांढरा असेल तर पाणी नाहीतर कच्चं डिझेल. गंधकाचा धूर डोळ्याला दिसत नाही तो नाकाला लागतो.

आता मला सांगा. १ जूनला बंदी लागली तेव्हा टाकी किती भरलेली होती? अर्धी ना? दोन महिने होडी वर ओढून ठेवली, पावसाची दमट हवा, टाकीत वरच्या रिकाम्या भागात घाम सुटतो आणि तो खाली उतरतो. पाणी डिझेलच्या खाली बसतं. आणि पाणी नि डिझेल यांच्या मधल्या रेषेवर शेवाळासारखा बुळबुळीत मळ धरतो, ते जिवंत असतं, वाढतं. ऑगस्टमध्ये पहिल्या फेरीला होडी लाटेवर हलली की सगळा मळ ढवळून फिल्टरात. दरवर्षी निम्म्या बंदराचे फिल्टर ऑगस्टमध्येच का चोक होतात याचा विचार केलात का कधी? आमच्याकडे बंदीला जाताना टाकी काठोकाठ भरतात नाहीतर पूर्ण रिकामी करून पुसून ठेवतात. मधलं काही नाही.

खालचा ड्रेन उघडा आणि काचेच्या बरणीत काढून बघा, मग चुंबकाचं बोलू.

रिकामटेकडा
एक प्रश्न, पाणी चुंबकाने निघतं का?

पाना_पक्कड
तांडेलांशी सहमत. मी मिस्त्री आहे, ३० वर्षं नोझल-पंपाचं काम. एक सांगतो, डिझेलात बारीक लोखंडी पूड टाकायची कल्पना ज्याला सुचली त्याला माझा साष्टांग नमस्कार. पंपातल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. तुमचा चुंबक ९९ टक्के पूड पकडेल, राहिलेला एक टक्का माझ्या पोटापाण्याची सोय करेल. टाका बिनधास्त, नंबर देऊन ठेवतो.

दुसरं, गंधक कमी झालं ते काही सगळंच चांगलं झालं नाही. जुन्या डिझेलात वंगण होतं. नवीन डिझेल कोरडं. जुने पंप लवकर झिजायला लागले ते तेव्हापासून. गंधक म्हणजे इंजिनाचं तूप होतं.

लोटेकर
@पाना_पक्कड, अर्ध बरोबर. डिझेल कोरडं झालं हे खरं, पण तूप गंधक नव्हतं. डिझेलात किंचित प्रमाणात ऑक्सिजन-नायट्रोजनवाले रेणू असतात, ते धातूला चिकटून पातळ थर करतात, वंगण ते. एचडीएसच्या भट्टीत गंधकाबरोबर तेही जातात. ओल्याबरोबर सुकं जळतं तसं. म्हणून आता वंगणाचं ॲडिटिव्ह घालतात आणि त्याची चाचणीही असते, घासून पडलेला व्रण ४६० मायक्रॉनच्या आत हवा.

आणि गंधक इंजिनाला वाईटच. जळलं की सल्फर डायऑक्साईड, थोडं ट्रायऑक्साईड, त्यात पाण्याची वाफ मिळाली की सल्फ्युरिक ॲसिड. लायनर खाणारं ते. ऑईलमध्ये क्षारी ॲडिटिव्ह कशाला घालतात? याच्यासाठी. शिवाय नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये जे कॅटॅलिस्ट बसवलेत ते गंधकाने मरतात, १० पीपीएमचा एवढा आग्रह त्यासाठी.

उलट इथेच त्या ठशाच्या पुडीची बाजू घ्यावीशी वाटते. ती म्हणते मी फक्त गंधकवाला उचलेन, वंगणाला हात लावणार नाही. बोलते तसं वागली तर एचडीएसपेक्षा शहाणी.

मोहोर
थोडं आंबेवाल्यांकडून. लोटेकर म्हणाले ते पिवळंधम्मक गंधक कुठे जातं माहीत आहे का? बरंच सल्फ्युरिक ॲसिड आणि खतांना जातं, पण थोडं आमच्याकडे पण येतं. हापूसच्या मोहोरावर भुरी आली की आम्ही ८० टक्क्यांचं पाण्यात मिसळणारं गंधक मारतो, दहा लिटरला वीस ग्रॅम. म्हणजे जे तुम्ही डिझेलातून हाकललंत ते आमच्या झाडावर बसलंय आणि आंबा तुम्ही खाताय, हिशोब बरोबर.

बाबल्या
आणि उरलेला गंधक उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात. आमचो आजो गुडघ्याक त्याच पाण्यान शेकी, म्हणी डिझेल इंजिन आसा ह्या, गंधक व्हया.

पडाव
गंधक, रिफायनरी सगळं चाललंय पण मूळ मुद्दा कोणी बोलत नाही. रिफायनरी इथे आली असती तर आज पोरांना मुंबईला जावं लागलं नसतं. नाणार घालवलं, बारसूलाही तेच.

कातळकर
@पडाव, तुमच्या दारात आली असती तर? बारसूच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, ती कोणाच्या नोकरीसाठी सपाट करायची? आणि एप्रिल २०२३ ला मातीच्या सर्वेक्षणाच्या वेळी बायाबापड्या रणरणत्या उन्हात कातळावर झोपल्या होत्या त्या काय हौस म्हणून?

पडाव
भावना समजतात पण डिझेल सगळ्यांनाच हवं, भट्टी मात्र दुसऱ्याच्या दारात.

संपादक
नाणार-बारसूसाठी वेगळा धागा आहे, ८०० च्या वर प्रतिसाद झालेत, तिकडे जा. इथे पुडीवर बोला. पुढचे अवांतर उडवले जातील. (बाबल्या यांचे उडवणार नाही, चहा पिताना वाचतो.)

लोटेकर
बरं, हिशोब मांडतो, कारण खर्च किती हा मूळ प्रश्न होता.

५० पीपीएमवरून १० वर आणायचं म्हणजे लिटरमागे ३३ मिलिग्रॅम गंधक काढायचं. पण पूड गंधक नाही, अख्खा डीबीटी पकडते आणि डीबीटीत गंधक जेमतेम १७ टक्के. म्हणजे लिटरमागे १९० मिलिग्रॅम डीबीटी. पूड ग्रॅमला किती धरते? चांगलं २० मिलिग्रॅम धरू. म्हणजे लिटरला साडेनऊ ग्रॅम पूड, हजार लिटरला साडेनऊ किलो. मग ती धुवायची. ग्रॅमला दहा-वीस मिली सॉल्व्हंट (द्रावक) धरलं तरी शंभर ते दोनशे लिटर मेथॅनॉल. ते परत ऊर्ध्वपातन करून शुद्ध करायचं, तळाला उरलेल्या गंधकाच्या चिखलाची विल्हेवाट लावायची. एचडीएसमध्ये निदान विकायला गंधक तरी मिळतं.

आणि जुनं २५०० पीपीएमवालं डिझेल असतं तर? हजार लिटरला बारा किलो डीबीटी, सहाशे किलो पूड. भाट्येकर, होडीत मासे ठेवायला जागा ठेवणार आहात का?

शोषून गंधक काढण्याची पद्धत रिफायनरीत नाही असं नाही, एस-झॉर्ब म्हणून आहे, पेट्रोलसाठी. पण तिथे निकेल आणि झिंक ऑक्साईड, तापमान चांगलं चढं आणि थोडा हायड्रोजनही लागतोच. तिथे गंधक रासायनिक रीतीने तोडून घेतात, नुसतं मखरात बसवत नाहीत.

जयगडचा_वारा
मग जहाजांसाठी? १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनात ०.५ टक्केच गंधक चालतं, आधी साडेतीन टक्के होतं. ०.५ टक्के म्हणजे सुद्धा ५००० पीपीएम ना? तुमच्या होडीच्या ५०० पट. आमच्या समोरून कोळशाची जहाजं जातात, त्यांना लावा चुंबक.

लोटेकर
ते इंधन डांबराच्या भावाइतकं घट्ट असतं हो, रेणूही अवाढव्य. मखरात गणपती नाही, गणपतीसकट ट्रक शिरवायचा प्रकार. त्यांनी एकतर कमी गंधकाचं इंधन घ्यायचं नाहीतर चिमणीत स्क्रबर बसवून धूर धुवायचा.

भाट्येकरांचा_पुतण्या
नमस्कार. काकांनी लिंक पाठवली. आधी स्पष्ट करतो, मी हसत होतो कारण काका पूड बॅरलमध्ये टाकायला निघाले होते आणि माझ्याकडे एकूण पूड आहे चार ग्रॅम. ती करायला सात महिने गेलेत.

लोटेकर काकांचा हिशोब बरोबर आहे, उलट त्यांनी दया दाखवली. २० मिलिग्रॅम हा आकडा गंधक भरपूर असताना मिळतो. गंधक जसं कमी होत जातं तशी पूड कमी धरते, शेवटच्या १० पीपीएमला तर फारच कमी. आणि आम्ही काम करतो ते मॉडेल फ्युएलवर, म्हणजे शुद्ध ऑक्टेन घ्यायचं आणि त्यात मोजून डीबीटी टाकायचं. रिकाम्या हॉलमध्ये एकटा पाहुणा, ओळखायला काय लागतं.

खऱ्या डिझेलात गर्दी असते. युरोपच्या मानकात बहुवलयी ॲरोमॅटिक्सना (अनेक कड्या जोडलेले रेणू) ८ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, म्हणजे ८०,००० पीपीएम. ५० पीपीएम गंधकाच्या समोर सोळाशे पट. हे सगळे चपटे रेणू, डीबीटीसारखेच दिसणारे. आणि सगळ्यात मोठा तोतया म्हणजे कार्बाझोल, डीबीटीचाच सांगाडा, फक्त गंधकाच्या जागी नायट्रोजन. तो आमच्या मेथाक्रिलिक ॲसिडला डीबीटीपेक्षा घट्ट मिठी मारतो. आम्ही मखर बांधलं गणपतीसाठी आणि येऊन बसला शेजारचा.

म्हणून आम्हाला प्रत्येक वेळी दुसरी पूड पण करावी लागते, सगळं तसंच फक्त टेम्प्लेट न घालता. बिनगणपतीचं मखर. ठशाच्या पुडीने त्याच्यापेक्षा किती जास्त पकडलं ते बघायचं. जास्त नसेल तर तुम्ही ठसा वगैरे काही केलेला नाही, नुसता महागडा स्पंज केलाय.

केमिस्ट्रीवाली
+१. हा शेवटचा परिच्छेद सगळ्यांनी भिंतीवर लावा. मी आलेख बघते तेव्हा आधी बिनगणपतीची रेघ शोधते.

पण एक जागा आहे जिथे ही पूड खरंच चांगली आहे असं मला वाटतं, ती म्हणजे मोजमाप. लिटरभर नमुन्यातून गंधकाचे ठराविक रेणू चिमूटभर पुडीने गोळा करायचे, चुंबकाने बाजूला घ्यायचे, थोड्याशा सॉल्व्हंटमध्ये उतरवायचे आणि मग यंत्राला द्यायचे. तिथे किलो लागत नाहीत, मिलिग्रॅम पुरतात. फिल्टर नको, सेंट्रिफ्यूज नको. सफाई कामगार म्हणून नाही जमलं तरी पंच म्हणून जमेल.

तांडेल_हर्णै
पोरा तू बरा बोलतोस, काकापेक्षा. आता काकांना विचारतो. भाट्येकर, बरणीत काय निघालं? आणि दुसरं, राग मानू नका, डिझेल सगळं मच्छीमार सोसायटीच्या पंपावरूनच घेता ना? वासाचं म्हणालात ते माझ्या डोक्यातून जात नाही. बीएस-६ ला तसा वास येत नाही.

भाट्येकर
सांगतो. लाज वाटते पण सांगतो.

बरणीत निम्मं पाणी. खाली चहाच्या चोथ्यासारखा मळ, हाताला बुळबुळीत, वास सडक्या अंड्याचा. अख्ख्या टाकीतून दीड बादली निघालं. पाना_पक्कड म्हणाले तसं नोझल उतरवून तपासले, दोन गळत होते. बदलल्यावर धूर गेला. म्हणजे तांडेल जिंकले.

वासाचं असं झालं की दादाने जुलैअखेर कोणाकडून तरी दोन बॅरल स्वस्तात घेतली होती. डिझेलवरच्या कराच्या परताव्याचे पैसे हातात यायला वेळ लागतो आणि बंदीनंतर पहिल्या फेरीला बर्फ, खलाशांची उचल, जाळी सगळं एकदम उभं राहतं. कुठलं म्हणून विचारलं तर समोरचा समुद्राकडे बोट दाखवून हसला म्हणे. चोरटं होतं, मला आत्ता कळलं. एक बॅरल जळलं, दुसरं अर्धं आहे.

तांडेल_हर्णै
तरी म्हटलं. अहो पकडले तर होडी जप्त होते. अर्ध्या बॅरलचा परत वापर करू नका, इंजिनाचं नंतर बघू. पाणी असलं की मळात जे जगतं ते पण तसला वास सोडतं, तेव्हा वास नक्की कशाचा ते सांगता येणार नाही, पण तरी नको.

पाना_पक्कड
तांब्याची पट्टी बुडवून गरम करा, काळी पडली तर गंधक.

केमिस्ट्रीवाली
@पाना_पक्कड, पट्टी फक्त धातूला खाणारं गंधक दाखवते. थायोफीनवाले तांब्याला हात लावत नाहीत, पट्टी चकचकीत राहील आणि आत हजारभर पीपीएम असेल. वासावरही जाऊ नका, गॅस सिलिंडरला वास येतो तो मुद्दाम टाकलेल्या मरकॅप्टनचा आणि तो अगदी नगण्य प्रमाणात असतो. नाकाला जे कळतं ते वेगळं गंधक, इंजिनाला छळतं ते वेगळं. पुतण्याच्या कॉलेजात एक्स-रे फ्लुओरेसन्सचं (क्ष-किरणांनी गंधक मोजणारं) यंत्र असेल तर पाच मिनिटांचं काम आहे.

भाट्येकरांचा_पुतण्या
आहे. दोन बाटल्या घेऊन चाललोय. एसटीत झाकण घट्ट लावून, पिशवीवर पिशवी.

बाबल्या
कंडक्टरान इचारल्यान तर सांग आमसुलाचा सार आसा.

भाट्येकरांचा_पुतण्या
उशीर झाला, सेमिनार होता.

पंपावरच्या डिझेलचा आकडा यंत्राच्या मर्यादेशीच आला, म्हणजे काही नाही. बॅरलवालं १९०० पीपीएमच्या आसपास. दादाकाकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले बघ मी म्हणालो नव्हतो गंधक वाढलंय म्हणून. काय बोलणार.

मग राहवलं नाही म्हणून शंभर मिली बॅरलवालं घेतलं आणि एक ग्रॅम पूड टाकली, म्हणजे माझी पाव संपत्ती. दुसऱ्या शंभरमध्ये एक ग्रॅम बिनठशाची. रात्रभर हलवत ठेवलं, सकाळी चुंबक लावला. डिझेल पिवळं-तपकिरी असल्यामुळे ऑक्टेनसारखं दिसत नाही, पण पूड आली, छान आली, पाच मिनिटं लागली. गंधक मोजलं. दोन्हींत तीसेक पीपीएम कमी, म्हणजे यंत्राच्या चुकीएवढं. ठशाच्या आणि बिनठशाच्या पुडीत काही फरक नाही. मॉडेल फ्युएलमध्ये हाच फरक अडीच पट होता.

गाईडना दाखवलं. मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या हे प्रबंधात घाल, शेवटच्या पानावर नको, मध्ये घाल. आता कार्बाझोल आधी वेगळं काढून मग पूड टाकली तर काय होतं ते बघायचंय. पूड तीनच ग्रॅम उरलीये, डिझेलात बुडालेली धुतोय, तिसरा दिवस.

केमिस्ट्रीवाली
विसर्जन लांबलं म्हणायचं. बादवे, धुतलेली पूड मॉडेल फ्युएलमध्ये परत किती धरते ते तपास. खऱ्या डिझेलात एकदा न्हाली की पोकळ्या कायमच्या भरतात का ते कळेल. माझ्या वेळी तिथे निराशा झाली होती.

पाना_पक्कड
चुंबक चांगला दिसतोय. कुठे मिळतो?

भाट्येकर
निओडायमियमचा आहे, पुतण्याने ऑनलाईन मागवला होता. सध्या दादाने ठेवून घेतलाय, दोरीला बांधून इंजिनाखाली पडलेले नट काढतो. परवा गेल्या वर्षी हरवलेला तेरा नंबरचा पाना निघाला.